सांधा जुळताना

अमेरिकेत आणि कॅनडात तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या आपल्या मंडळींपैकी काहीजण आता घराला कुलूप लावून चार-सहा महिने रस्त्यावर राहायला निघतात. पुढे पिकअप ट्रक, मागे तीस-पस्तीस फुटांचं फिरतं घर, आणि त्यात देवघरापासून मिक्सरपर्यंत सगळं. या मंडळींचे फोन मला येतात. ट्रक कोणता घ्यावा, ट्रेलर कोणता घ्यावा याचा त्यांनी महिनोन्‌महिने अभ्यास केलेला असतो. मग पहिल्या लांबच्या प्रवासाला निघतात आणि दोन दिवसांनी फोन येतो, "अहो, गाडी फार धक्के मारते. पाठ धरली." मी विचारतो, हिच कोणती बसवली आहे? पिन बॉक्स कोणता आहे? पिनवर वजन किती येतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं, दुसऱ्याचं क्वचित. तिसऱ्याचं आजवर एकानेही दिलेलं नाही. ही पुस्तिका त्या तिसऱ्या प्रश्नातून निघाली.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बसणारे धक्के ना ट्रकचे असतात ना ट्रेलरचे. ते दोघांच्या सांध्यातले असतात. हा सांधा दोन वस्तूंचा बनतो. ट्रकच्या हौद्यात बसवलेली हिच ही एक आणि ट्रेलरच्या नाकाखालून पुढे आलेला पिन बॉक्स ही दुसरी. आपण त्या वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसाच्या सल्ल्याने घेतो. पिन बॉक्स तर ट्रेलरबरोबर आयताच येतो आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. लग्नाला जशी दोन्ही घरं पाहावी लागतात, तशी इथे दोन्ही बाजूंची चौकशी एकत्रच करायला हवी.

आधी नावाबद्दल. या प्रकारच्या जोडणीला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. स्टेपनीमुळे हे नाव पडलं असं अनेकांना वाटतं, पण ते तसं नाही. घोडागाडीच्या काळात चारचाकी गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं लोखंडी कडं बसवत. दिसायला चाकासारखं, पण जमिनीला न टेकणारं. म्हणून ते पाचवं चाक. पुढे मोटारट्रक आले, त्यांच्या पाठीवर ट्रेलरचं तोंड टेकवायची पद्धत आली आणि ट्रकवरच्या ग्रीस लावलेल्या थाळीला तेच नाव चिकटलं. न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर तुम्ही पाहिले असतील तर हा सांधाही तुम्ही पाहिलेला आहे. पुढचा भाग, ज्याला चालक 'घोडा' म्हणतात, त्याच्या पाठीवर खाच असलेली थाळी आणि ट्रेलरच्या पोटाखालून निघालेली जाड पिन. त्या पिनचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. फार जड कामासाठी ९० मिलिमीटरची पिन असते. अमेरिकेतल्या फिरत्या घराची पिनही दोन इंचांचीच. तुमचा सगळा संसार त्या दोन इंचांच्या पोलादाला धरून ताशी साठ मैलांनी धावत असतो.

या सांध्यातला धक्का शोषून घ्यावा हा विचारही आजचा नाही. ग्लेन कर्टिस हे नाव विमानविद्येच्या इतिहासात राइट बंधूंच्या बरोबरीने घेतलं जातं. या माणसाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात 'एरोकार' नावाचा ट्रेलर तयार केला. विमानाच्या सांगाड्यासारखी हलकी बांधणी, आणि जोडणीच्या जागी पुढच्या मोटारीच्या मागच्या भागात आडवं ठेवलेलं हवा भरलेलं चाक. ट्रेलरची पिन त्या चाकाच्या मधोमध बसे. धक्का आला की तो आधी टायरमधली हवा खाई आणि मग उरलासुरला माणसांपर्यंत पोहोचे. कर्टिस १९३० साली वारला. आज दुकानात हवेच्या फुग्याचा पिन बॉक्स पाहिला की मला त्या आडव्या टायरची आठवण होते. कल्पना तीच आहे, फक्त फुगा ट्रकमधून ट्रेलरकडे सरकला आहे.

हा सांधा ट्रकच्या हौद्यातच का घ्यायचा? साध्या ट्रेलरची जोडणी बंपरच्या मागे, गोळ्यावर होते. तो गोळा ट्रकच्या मागच्या आसापासून चार-पाच फूट मागे असतो. बाजूने मोठा ट्रक सणसणत गेला की वाऱ्याचा लोट ट्रेलरच्या अंगावर येतो आणि त्या चार-पाच फुटांच्या तरफेने ट्रेलर ट्रकचं शेपूट हलवतो. फिफ्थ व्हीलची पिन मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा एक-दोन इंच पुढे असते. तरफच उरत नाही. म्हणून हे ट्रेलर रस्त्यावर इतके शांत चालतात. पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. साध्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग गोळ्यावर येतो. फिफ्थ व्हीलमध्ये पिनवर पंधरा ते पंचवीस टक्के येतो. १४,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर वीस टक्क्यांनी २,८०० पौंड ट्रकच्या पाठीवर.

ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बैलगाडीत उसाच्या मोळ्या रचणारा माणूस पुढे किती आणि मागे किती याचा अंदाज घेतच रचतो. मागे जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की सगळा भार मानेवर येतो आणि बैल चार पावलांत थकतो. ट्रेलरमध्ये सामान भरताना हीच नजर लागते. पाण्याची टाकी कुठे आहे, जनरेटर कुठे आहे, पुढच्या कप्प्यात अवजारांची पेटी ठेवली की मागच्या रॅकवर सायकली टांगल्या, या प्रत्येक गोष्टीने मानेवरचा भार बदलतो. माहितीपत्रकातला पिनभार कारखान्यातून रिकाम्या निघालेल्या ट्रेलरचा असतो. त्यावर विसंबून हिच किंवा पिन बॉक्स घेणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणं.

आता धक्क्याकडे वळू. इंटरस्टेट महामार्गांचे बरेच पट्टे सिमेंट काँक्रीटचे आहेत आणि त्यात साधारण दर पंधरा फुटांवर आडवा सांधा असतो. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा ठोके. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं हे ठोके वेगवेगळ्या क्षणी खातात. ट्रेलरचं नाक वर-खाली झुलू लागतं. त्याच वेळी ट्रेलर ट्रकला एकदा मागे खेचतो आणि लगेच पुढे ढकलतो. बसलेल्याला हे कसं लागतं? कोणीतरी आपल्या खुर्चीची पाठ मागून धरून सारखी हिसडते आहे, असं. एखाद्या ठरावीक वेगाला रस्त्याचे ठोके आणि गाडीचं झुलणं यांचा ताल जुळतो आणि त्रास दुप्पट होतो. म्हणूनच ताशी पाच मैलांनी वेग कमी केला की कधीकधी सगळं एकदम निवतं. फोनवर मी पहिला उपाय हाच सांगतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा उपायही फुकटच आहे. जबडा पाहा. हिचच्या जबड्यात पिनला जेवढी मोकळीक, तेवढा पुढे-मागे हिसका. जुन्या हिचमध्ये जबडा झिजतो आणि मग प्रत्येक ब्रेकला 'खट्' असा आवाज येतो. त्या आवाजाची सवय करून घेऊ नका. ट्रेलरचे ब्रेक कमी लागत असतील तरीही ट्रेलर मागून ढुशी देतो. तेव्हा ब्रेक कंट्रोलरची मात्रा आधी नीट लावून घ्यावी. या दोन गोष्टी न पाहता हजार-दीड हजार डॉलरचा पिन बॉक्स घेतलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे धक्के जसेच्या तसे राहिले आहेत.

हे दोन्ही करूनही त्रास उरला तर मग पिन बॉक्सची वेळ येते. साधा पिन बॉक्स म्हणजे ट्रेलरच्या चौकटीला बोल्टने धरलेला ताठ पोलादी हात. त्यात कुठेही लवचिकपणा नाही. दुसरा प्रकार रबराचा. एल्कहार्ट या इंडियानातल्या गावी, जिथे अमेरिकेतल्या फिरत्या घरांचा मोठा उद्योग एकवटला आहे, तिथल्या मोरराइड कंपनीचा पिन बॉक्स या प्रकारचा. त्यात पिनचा भाग रबराच्या जाड ठोकळ्यांवर लोंबता असतो आणि पुढे-मागे बसणारा हिसका ते ठोकळे खातात. तिसरा प्रकार हवेचा, ट्रेलएअरसारखा. त्यात पिनचा हात बिजागरीवर असतो आणि त्याखाली हवेचा फुगा व शॉक अब्सॉर्बर. तो मुख्यतः वर-खालचं झुलणं शोषतो. तुमचा त्रास यातला नेमका कोणता, हे आधी ओळखायला हवं. कपातला चहा पुढे-मागे हिंदकळतो की वर उसळतो, इतकी साधी खूण आहे. मी खरंच लोकांना अर्धा कप चहा धारकात ठेवून दहा मैल जायला सांगतो.

इथे मी माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे, कारण याच चुकीमुळे मी हा विषय मुळातून शिकलो. मी रबराचा पिन बॉक्स घेतला तेव्हा दुकानदाराने सर्वांत जास्त क्षमतेचा गळ्यात मारला आणि मीही, इंजिनिअर असूनही, 'मजबूत तेवढा चांगला' म्हणून घेतला. नेब्रास्कातून आय-८० ने पश्चिमेकडे जाताना पहिल्याच दिवशी पत्नीची मान इतकी आखडली की संध्याकाळी तिला मान वळवता येईना. मला कळेना की ताठ पिन बॉक्सपेक्षा हा नवा पिन बॉक्स वेगळा कसा नाही. रात्री मुक्कामी बॅटरीच्या उजेडात मी त्याच्याखाली आडवा झालो. रबराच्या ठोकळ्यांच्या कडेला कारखान्यातली पांढरी भुकटी जशीच्या तशी होती. चारशे मैलांत ते रबर हललंच नव्हतं. ते कितीतरी जड ट्रेलरसाठी बनवलेलं होतं. माझ्या ट्रेलरचा भार त्याला जाणवतच नव्हता. रबराला काम करायचं असेल तर त्याच्यावर त्याच्या जोगतं ओझं हवं. हवेच्या फुग्याचंही तसंच. हवा जास्त भरली तर फुगा दगडासारखा होतो, कमी भरली तर हात खालच्या रोधकावर आपटतो. बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर हात राहील इतकीच हवा, आणि तीही ट्रेलर भरल्यानंतर, जोडल्यानंतर पाहायची.

हिचमध्येही हवेवर तरंगणारे प्रकार मिळतात. मग हिचही हवेची आणि पिन बॉक्सही हवेचा, असा दुहेरी बेत काहीजण करतात. माझं मत त्याविरुद्ध आहे. एकावर एक दोन स्प्रिंगा ठेवल्या की झुलणं थांबायला वेळ लागतो आणि दोन्हींचा मेळ घालणं घरच्या माणसाच्या हातात राहत नाही. उशी एकच असावी आणि ती ट्रेलरच्या बाजूला असावी. ट्रकमध्ये साधी, घट्ट जबड्याची, चारही दिशांना कलणारं डोकं असलेली हिच असावी. कॅन्ससमधल्या हंबोल्ट गावी बनणारी बीअँडडब्ल्यूची कम्पॅनियन ही या जातीची हिच आहे, आणि हौद्याच्या तळाशी गूजनेक जोडणीच्या गोळ्यासाठी असलेल्या एकाच भोकात ती बसते, म्हणून हिच काढली की हौदा मोकळा.

आखूड हौद्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि आपल्या मंडळींकडे बहुतेक ट्रक आखूड हौद्याचेच असतात. ट्रेलरची रुंदी १०२ इंचांपर्यंत असते, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५१ इंच. ट्रक काटकोनात वळवला तर ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याला तेवढी जागा लागते. पिनपासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंतचं अंतर त्याहून कमी असेल, आणि ट्रेलरचं नाक गोलसर कापलेलं नसेल, तर कोपरा काच फोडतो. त्यावर दोन वाटा. एक, वळताना मागे सरकणारी हिच. दुसरी, वळण्याचा बिंदूच मागे नेणारा पिन बॉक्स. रीस कंपनीच्या साइडवाइंडरमध्ये हा बिंदू पिनच्या २२ इंच मागे जातो. पण मग पिनने हिचच्या थाळीत फिरता कामा नये, म्हणून खाचेत पाचर बसवून ती जखडतात. ही पाचर प्रत्येक हिचसाठी वेगळी असते. जोडी जमवण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पाचर चुकीची असेल तर पिन बॉक्सही निरुपयोगी आणि हिचही. टेप घेऊन ट्रकपाशी जा, अंतर मोजा, लिहून ठेवा. दुकानात 'बसेल हो' असं ऐकून बाहेर पडू नका.

पिनच्या जागी खाली लांब नळी लावून ती हौद्यातल्या गूजनेकच्या गोळ्यावर टेकवायचं एक जोडकामही मिळतं. स्वस्त असतं, हलकं असतं, म्हणून मोह होतो. मोहात पडण्याआधी चौकटीचा विचार करा. ट्रेलरच्या चौकटीवर येणारा पीळ म्हणजे हिसक्याचा जोर गुणिले चौकटीपासून जोडणीपर्यंतचं उभं अंतर. नळीने हे अंतर एकदम फुटाहून जास्त वाढतं. चौकट त्या पिळासाठी बनवलेली नसेल तर वेल्डला तडे जातात, आणि ते तडे आतल्या बाजूला, पत्र्याआड असतात. चौकट बनवणाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय हे जोडकाम लावू नये.

सगळ्या पुस्तिकेत मी ज्या पानावर सर्वांत जास्त वेळ घालवला ते जोडणीच्या क्षणाचं पान आहे. धक्के बसले तर पाठ दुखते. जोडणी चुकली तर ट्रेलर हौद्याच्या कठड्यावर कोसळतो. ट्रेलरचं नाक थोडं जास्त उंच राहिलं की पिन जबड्याच्या वरच बसते. जबडा बंद झाल्याचा आवाज येतो, दांडा जागेवर जातो, सगळं ठीक दिसतं, आणि जबड्याने मात्र पिनची मान धरलेली नसते. म्हणून दरवेळी, कितीही घाई असली तरी, बॅटरी घेऊन वाकून पाहायचं. पिन बॉक्सची पट्टी आणि हिचची थाळी यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. मग वायर जोडून, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे तसेच ठेवून, त्याचे पाय जमिनीपासून थोडेच उचलून, हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हलकेच पुढे ओढायचा. पिन निसटायची असेल तर ती इथेच निसटेल आणि पाय ट्रेलरला सावरतील. त्यानंतरच जोडणी तुटल्यास ब्रेक लावणारी तार, आणि मागचं फळकूट वर. ती तार ट्रकला अडकवायची, हिचला नाही. हिचच उखडली तर तारेचा उपयोग काय? हे काम दोघांनी करावं आणि करताना एकानेच बोलावं. आमच्याकडे बोलण्याचं काम पत्नी करते, आणि तिने 'बघितलं' म्हटल्याशिवाय मी गिअर टाकत नाही.

भाषेबद्दल एक खुलासा. हिच, पिन बॉक्स, जबडा, थाळी, पाचर हे शब्द जिथे जो तोंडात बसला तिथे तो घेतला आहे. दुकानात उभं राहून बोलताना उपयोगी पडेल अशीच भाषा असावी, असा प्रयत्न आहे. वजनं पौंडांत दिली आहेत, कारण ट्रकच्या दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवर आणि ट्रेलरच्या पट्टीवर तुम्हाला पौंडच आधी वाचायचे आहेत.

आणि आता तो तिसरा प्रश्न. पिनवरचं वजन काढायला अवघड काहीच नाही. महामार्गावरच्या बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो. प्रवासाला निघतो तसा ट्रेलर भरायचा, पाण्यासकट. जोडलेली गाडी काट्यावर घ्यायची. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. मग ट्रेलर सोडून एकटा ट्रक पुन्हा काट्यावर. आमच्या चिठ्ठीवर पहिल्यांदा ५,२४०, ६,१८० आणि १०,१६० असे आकडे आले, एकूण २१,५८० पौंड. एकटा ट्रक ८,६८०. म्हणजे ट्रेलर १२,९०० पौंडांचा. त्यातले १०,१६० त्याच्या स्वतःच्या चाकांवर, आणि उरलेले २,७४० पिनवर. एकवीस टक्के. माहितीपत्रकात २,१०० लिहिलं होतं. या २,७४० ला जुळणारा पिन बॉक्स आम्ही बसवला आणि त्यानंतर त्याच आय-८० वरून परत आलो; पत्नीने सीटवर मान टेकवून झोप काढली.

ही पुस्तिका वाचायला घेण्याआधी तेवढं एक काम करा. गाडी भरा, काट्यावर न्या, आणि ती चिठ्ठी या पानात ठेवा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात तिची गरज लागणार आहे.